फुलं पाठवू नयेत

कुणी "आज फार दुखतंय" असं लिहिलं, की पहिली तीन मिनिटं बाकीच्यांनी काहीही लिहायचं नाही. सल्ला नाही, जोडलेल्या हातांचं चित्र नाही, "माझंही अगदी तसंच होतं" हे तर मुळीच नाही. नुसतं वाचायचं. मग ज्याला खरोखर काही सांगायचं असेल त्याने सांगायचं. आमच्या गटाचा हा पहिला नियम मी केला आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. पुढे आणखी एक नियम मी केला. त्यापायी इथे सिंगापुरात, यिशुनमधल्या एका बाईचा जीव जाता जाता राहिला. आज लिहायचं आहे ते मुख्यतः त्या दुसऱ्या नियमाबद्दल.

आत्ता सकाळचे सव्वाआठ झालेत. टेबलावर कागद आहेत, शेजारी फोन उताणा ठेवलाय. मी एका फुलाची वाट बघतोय आणि ते येईपर्यंत लिहीन म्हणतो. समोरच्या ब्लॉकवर धुरकट ऊन हळूहळू चढतंय. खिडक्यांबाहेर काढलेल्या बांबूंवरचे कपडे जागच्या जागी डुलतायत आणि त्यांच्याकडे बघता बघता आमचं घरही किंचित हलल्यासारखं वाटतंय. सतरा वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला जमीन कधी पुरती थांबल्यासारखी वाटत नाही. वसुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे आता सवयीचं झालं आहे.

जहाजावर मी रेडिओ ऑफिसर होतो. कॅप्टन कधीच नव्हतो, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सगळे मला कॅप्टन अंकल म्हणणार आहेत. आमच्या रेडिओच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ असे. त्याच्या तबकडीवर काही ठिकाणी लाल पट्टे रंगवलेले. काटा त्या पट्ट्यावर आला की सगळ्या समुद्रावरच्या सगळ्या जहाजांनी तीन मिनिटं गप्प बसायचं. दर तासाला दोनदा. कुणी बुडत असेल, कुणाला आग लागली असेल, तर त्याचा बारीक आवाज या शांततेत ऐकू यावा म्हणून. मी कानाला हेडफोन लावून बसे. आत नुसती खरखर, लांबून कुठून तरी वाऱ्यासारखी येणारी. बहुतेक वेळा त्या खरखरीत काहीच नसे. पण माझ्यासारखीच शेकडो माणसं आत्ता याच क्षणी गप्प बसून ऐकतायत, एवढं माहीत असे, आणि त्याचं मला फार बरं वाटे. उभ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते असावं, असं कधी कधी वाटतं.

पुढे उपग्रह आले आणि जहाजांना आमची गरज उरली नाही. मग मी सिंगापूरला उतरलो आणि वीस वर्षं बंदरातल्या जहाजांची यंत्रं दुरुस्त केली. निवृत्त झालो तेव्हा तोआ पायोहमधल्या रुग्णांच्या एका लहानशा संस्थेला आपल्या ऑनलाइन गटासाठी मॉडरेटर हवा होता. संस्था आमवाताच्या रुग्णांची. वसुधाला वीस वर्षं आमवात आहे, त्यामुळे आजार मला ठाऊक होता, निदान तसा माझा समज होता. मॉडरेटर म्हणजे काय, हे पुण्यातल्या थोरल्या भावाला सांगताना माझी फे फे उडाली.

"म्हणजे तू दिवसभर फोन बघतोस?" तो म्हणाला.

"हो."

"मग आमची नातवंडंही तेच करतात."

अगदीच खोटं नव्हतं ते. पण गटातली माणसं काय लिहितात ते वाचायचं, कोण कुणाला दुखावतंय, कोण कुणाला धोक्यात घालतंय, ते बघायचं आणि वेळीच मध्ये पडायचं, असं ते काम. आमवातात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. सगळ्यात वाईट असते ती सकाळ. बोटं रात्रभरात आखडून जातात आणि ती उघडायला कुणाला अर्धा तास लागतो, कुणाला तीन तास. बाहेरून मात्र माणूस धडधाकट दिसतो. म्हणून या लोकांना आपल्यासारख्यांचा गट लागतो. ज्याचं जळतं त्याला कळतं.

दुखण्याला सल्ले फार. पपईच्या पानांचा रस विकायला येणारे, हळदीचे भक्त, उंटावरून शेळ्या हाकणारे पुतणे नि भाचे, सगळ्यांना मी सात वर्षं दारातून परत पाठवलं. गोळ्यांचे आकडे लिहायचे नाहीत, हाही आमचा नियम होता. या आजारात एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एका बाईंनी "मी सहा घेते" एवढंच लिहिलं आणि दुसऱ्या एका गृहस्थांनी रोज सहा घ्यायचा बेत केला. नशीब, की त्यांनी बेत आधी गटावर जाहीर केला. मी फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडलो, की ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधला, कॉफीवाला वर बघायला लागला.

आणि श्रीकांत. हा जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये इंजिनिअर, मूळचा सांगलीचा. रोज कंपनीच्या बसमध्ये बसला की आपल्या दुखण्याचा तक्ता लिही. "डावा गुडघा: आवाज जास्त, तापमान जास्त. उजवं मनगट: बंद, दुरुस्तीसाठी." लोक हसत. मी त्याला एकदा बाजूला घेऊन म्हटलं, "अरे श्रीकांत, जरा माणसासारखं लिही की."

"काका, माणसासारखं लिहिलं तर रडू येतं," तो म्हणाला. "तक्त्यात येत नाही."

त्यानंतर मी त्याच्या तक्त्याला हात लावला नाही.

सव्वानऊ झाले. फूल आलेलं नाही.

गटाचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि मे लिंग. ही आमची प्रमुख, आधी नर्स होती. दुपारी जेवण झालं की खालून तव्यांचे आवाज, मसाल्याचा वास आणि पंख्याची घरघर यांत मला गुंगी येई. डोळे अर्धवट मिटलेले आणि समोर पडद्यावर एकेक ओळ वर सरकतेय. कुणी मनगटाबद्दल लिहितंय, कुणी नुसतं "थकले" म्हणून गेलंय. मला ती लांबून जाणाऱ्या जहाजांचे दिवे वाटत. कुठून निघालेत, कुठे जातायत, माहीत नाही. आहेत एवढं दिसतं. वर सरकतात आणि दिसेनासे होतात. या गुंगीत मी कामाचा पुष्कळ आनंद घेतला, हे आता मे लिंग वाचणार नाही म्हणून लिहायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र या सुखात सतत टोचे. सकाळची फुलं. भारतातून आलेल्या आत्या-मावश्या असोत की इथल्या चिनी ऑंट्या, सकाळ झाली की यांना फुलाचं चित्र पाठवल्याशिवाय चैन पडत नाही. गुलाब, कमळं, उगवते सूर्य, दव पडलेली पानं. सात ते अकरा गटावर नुसती बाग फुललेली असे आणि बाकीचं बोलणं खाली बुजून जाई. रेडिओत वाढलेल्या माणसाला हे कसं सोसावं? वाहिनी मोकळी ठेवायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

तेवढ्यात ऋचाचं प्रकरण झालं. ऋचा पुण्याची, इथल्या विद्यापीठात संशोधन करायला आलेली. आजार कळून जेमतेम दोन महिने झाले होते. एका सकाळी तिने लिहिलं, की एक डोळा लाल झालाय, ठणकतोय आणि अंधुक दिसतंय, याचा आजाराशी संबंध असेल का? तिच्या प्रश्नावर फुलांचा ढीग पडला. मी वर सरकवत सरकवत तिथे पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिला फोन करून म्हटलं, टॅक्सी कर आणि आत्ताच्या आत्ता इस्पितळात जा. डोळा वाचला. चार दिवसांनी ती ऑफिसात आली, डोळ्यावर काळा चष्मा.

"काका, मी विचारत होते मला दिसेल ना, आणि लोक मला कमळं पाठवत होते," ती म्हणाली.

ते वाक्य मला लागलं. त्याच दुपारी मी नियम लिहिला: सुप्रभात, फुलं व चित्रं पाठवू नयेत. गट मदतीसाठी मोकळा ठेवावा. मे लिंगने तो दोनदा वाचला.

"अंकल, फ्लॉवर नाही म्हटलं तर ऑंटी लोक बोलणारच नाहीत," ती म्हणाली. "केअरफुल हं."

मी हसलो. शेकडो जहाजांना गप्प बसवणारं घड्याळ मी पाहिलं होतं, मला फुलांचं काय भय!

दुसऱ्या दिवशी बाग साफ झाली. एकच फूल आलं, ऑर्किडचं. पाठवणाऱ्या बाई यिशुनला एकट्या राहत. गटात त्यांचं नाव ऑर्किड ऑंटी. गट सुरू झाल्यापासून त्या होत्या, पण एवढ्या वर्षांत त्यांनी एक शब्द लिहिला नव्हता. रोज एक ऑर्किड, बस. मी ते चित्र काढून टाकलं आणि त्यांना वेगळा निरोप पाठवला, अगदी नम्र. नियम बदलला आहे, कृपया सहकार्य करावं. थोड्या वेळाने उत्तर आलं: "ओके. सॉरी."

त्यांचे ते पहिले शब्द. मी ते वाचले आणि खूश झालो, की काम झालं.

तीन आठवडे गट कसा स्वच्छ चालला. प्रश्न दिसत होते, उत्तरं मिळत होती. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग एका गुरुवारी मे लिंगने फोन खाली ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे वळवून सगळं सांगितलं.

ऑर्किड ऑंटी मंगळवारी सकाळी न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. फोन स्वयंपाकघरात टेबलावर. मंगळवारचा सगळा दिवस, सगळी रात्र आणि बुधवारची दुपार त्या तिथेच पडून होत्या. बादली हाताशी होती, तिच्यात पंजा बुडवून बुडवून पाणी चाटत होत्या. त्यांना सोडवलं खालच्या मजल्यावरच्या मलय शेजारणीने. ऑंटी रोज कॉरिडॉरमधल्या कुंड्यांना पाणी घालत, ते खाली ठिबके आणि हिचे वाळत घातलेले कपडे भिजत. त्यावरून कित्येक वर्षं भांडण. बुधवारी हिच्या लक्षात आलं, की कपडे दोन दिवस कोरडे आहेत. म्हणून ती वर गेली आणि दार ठोठावलं.

मी इस्पितळात गेलो. ऑंटींना मी पहिल्यांदाच पाहत होतो. लहानखुरी बाई, पांढरे कापलेले केस, चादरीवर मिटलेली बोटं.

"यू कॅप्टन अंकल?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्या वेळी खुलासा करायचं धैर्य नव्हतं. मी विचारलं, रोज फूल पाठवत होतात ते कशासाठी?

"मी उठते पाचला. फिंगर उठत नाही लाह," त्या म्हणाल्या. "फिंगर ओपन, देन आय टेक फोटो. सेव्हन ओ'क्लॉक, गुड डे. टेन ओ'क्लॉक, नॉट सो गुड. एव्हरीबडीला माहीत."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"यू कॅप्टन माह," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "यू से कॅनॉट, सो आय डोंट सेंड."

तुम्ही नको म्हणालात, म्हणून नाही पाठवलं. मला तिथेच रडू आलं आणि त्यांनी मिटल्या पंजाने माझ्या हातावर थापटलं.

संध्याकाळी श्रीकांतचा फोन आला. तोही यिशुनलाच राहतो आणि बातमी त्याला कळली होती.

"काका, ऑंटींच्या फुलांच्या वेळा मी चार वर्षं लिहून ठेवल्यात," तो म्हणाला. "नियमाच्या आधीचे दोन महिने फूल उशिरा उशिरा येत होतं. शेवटचं पावणेअकराला. मी त्यांच्याकडे जाऊन यायचं ठरवतच होतो, आणि तुम्ही मीटरचा काटाच काढून टाकलात."

"अरे, मग तेव्हाच का नाही बोललास?"

"नियम झाला होता ना. प्लांटमध्ये नियम झाला की आम्ही पाळतो."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी, चांगल्या उजेडात बसून मी गटाची जुनी पानं मागे मागे नेली. सगळं तिथेच होतं. ऑंटींच्या फुलाखाली कुणी लिहिलेलं, "आज आठलाच! छान." कुणी, "साडेदहा? ऑंटी, ठीक आहात ना?" मी हे सगळं वाचलं होतं आणि कचरा समजून वर सरकवलं होतं. आणि ते फूल कुठून तरी आलेलं नव्हतं. त्यांच्याच कॉरिडॉरमधल्या त्याच चार कुंड्या, रोज नव्याने टिपलेल्या.

जहाजावर सतरा वर्षं मी रोज दुपारी बारा वाजता आमचा ठावठिकाणा पाठवत असे. अक्षांश, रेखांश, वारा, बस. त्यात नवीन काही नसे. पण एक दिवस तो गेला नाही, तर मालकाच्या ऑफिसात धावाधाव सुरू होई. आणि पलीकडचा माणूस मिळाला म्हणून एक अक्षर पाठवी, तेवढं कानावर पडल्याशिवाय मी खुर्ची सोडत नसे. त्याच माणसाने एका बाईचा रोजचा ठावठिकाणा चार वेळा नव्हे, हजारदा पाहिला, एकदाही मिळाला म्हणून कळवलं नाही आणि शेवटी तो बंद करायला लावला.

घरी येऊन वसुधाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, जमेल तशी, दोन बोटांनी.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली.

"तू तर कधी गटात आली नाहीस."

"घरात एक मॉडरेटर पुरे म्हणून नाही आले. पण अहो, मी रोज सकाळी आतून तुम्हाला चहा टाका म्हणून हाक मारते. कधी साडेसातला मारते, कधी नऊला. ती केव्हा मारते, ते कधी पाहिलंत का?"

मी नव्हतं पाहिलं. वीस वर्षं मला वाटत होतं, की हिला कधी लवकर चहा लागतो, कधी उशिरा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ती वर बघून हसली, आणि मला ते हसू अजून सोसत नाही.

नियम मी मागे घेतला आणि माफीही मागितली, सगळ्यांसमोर. फुलांसाठी गटातच वेगळी जागा केली, म्हणजे ऋचासारखीचा प्रश्न बुजणार नाही. आणि मॉडरेटरच्या कामात एक काम वाढवलं: रोज सकाळी फुलं वाचायची. रोज येणारं कुणाचं साडेअकरापर्यंत आलं नाही, तर फोन करायचा. आलेल्या प्रत्येकाला एकच शब्द लिहायचा, मिळालं. आधी लोकांना गंमत वाटली. मग एकदा मी तो लिहायला विसरलो, तर अकरा जणांनी मलाच विचारलं, की कॅप्टन अंकल, बरे आहात ना?

ऑंटींना परत यायला पाच महिने लागले. आता त्या काठी धरून चालतात. कुंड्या जमिनीवर वाकून भिजवता येत नाहीत म्हणून खालच्या शेजारणीने त्या उचलून कट्ट्यावर मांडून दिल्या आहेत. पाणी अजून तिच्या कपड्यांवर ठिबकतं आणि ती अजून भांडते. पण त्या मंगळवारचा हिशेब मिटलेला नाही. खुबा पूर्वीसारखा होणार नाही, डॉक्टर म्हणाले. लवकर सापडल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. हे माझ्या नावावर आहे आणि राहील.

गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. नवीन मॉडरेटर हुशार मुलगी आहे, सगळं नीट बघते. तिच्याकडून एकच काम मी मागून घेतलं. ऑर्किड ऑंटींचं फूल मी वाचतो.

साडेदहा वाजले. वसुधाची हाक आज पावणेनऊला आली होती, चहा होऊन कप धुवून झाले. ऊन आता खिडकीच्या आत आलंय आणि बांबूंवरचे कपडे थांबलेत. कागदावर शाई वाळायला लागली की मी फोनकडे बघतो. खालच्या शेजारणीचा नंबर काढून ठेवलाय. साडेअकराला एक तास आहे. कानात हेडफोन नाही, तरी खरखर ऐकू येते आहे, लांबची, वाऱ्यासारखी.

दहा पन्नास.

अकरा.

"आलं का हो?" वसुधा दारात येऊन उभी राहिली.

"नाही अजून."

ती आत गेली नाही. समोरच्या खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो.

अकरा वाजून आठ मिनिटांनी फोन वाजला. फूल नाहीच. बहर संपलाय, नुसती कुंडी आणि ओली पानं. चित्र थोडं तिरकं आलंय आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय, सुजलेला, पण उघडा.

"आलं," मी वसुधाला म्हणालो, आणि फोन उचलून लिहिलं: मिळालं.